व्याही येईपर्यंत

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांना "आधी चपला बाहेर काढा, पोरं इथं जमिनीवर बसतात" असं म्हणणारी मी. भाजीबाजारात मेथीच्या जुडीवरून दोन दुकानं ऐकतील असं भांडणारी मी. आमचे हे वीज मंडळात वायरमन. ते म्हणायचे, हिच्याशी वाद घालण्यापेक्षा खांबावर चढलेलं बरं.

अशा मला आयुष्यात एकदा एका डॉक्टरबाईंनी डोळ्यांत बघून सरळ प्रश्न विचारला. आणि मी म्हणाले, "आबा म्हणतील तसं."

एवढंच. जे व्हायचं ते त्यानंतर झालं. मी हे लिहिते आहे ते एखादी बाई त्याच जागी पडलेली असेल तर तिने तरी तोंड उघडावं म्हणून. बाकी माझं रडगाणं ऐकवायची मला हौस नाही.

*

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझं सासर चोपड्याकडचं, माहेर दोंडाईच्याजवळ. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, यात विचारण्यासारखं काही नसतंच. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि आबा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन आले. निघताना सासऱ्यांनी, त्यांना आम्ही नाना म्हणतो, आबांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "पाटील, सून तुमच्या हवाली करतो." आबा आमच्या गावचे पोलीस पाटील. त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "जशी नेतो तशी आणून घालतो."

लोक बोलतात तसं ते बोलले. आबांनी मात्र ते मनावर घेतलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी कळा सुरू झाल्या. शनिवारी सकाळपर्यंत गावच्या सुईणीने जे काय करायचं ते केलं आणि मग हात टेकले. तिची मी आजही आभारी आहे, तिने वेळ लावला नाही. म्हणाली, "पाटील, हाई मन्हा हातनं काम नही." जीपगाडी ठरली. दोंडाईच्याच्या डॉक्टरांनी पोटाला कान लावला आणि तिथूनच जीप धुळ्याकडे वळवायला सांगितली. चिठ्ठीवर त्यांनी लाल शाईने काहीतरी लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. ती चिठ्ठी सबंध रस्ता आईच्या मुठीत होती. मला घाम, आईला घाम, चिठ्ठीची शाई आईच्या तळव्याला लागली होती.

बारा वाजता आम्ही धुळ्याच्या दवाखान्यात पोहोचलो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. त्यांची चूक असली तर अर्धी होती, आणि अर्ध्यासाठी कुणाचं नाव घेऊ नये.

*

डॉक्टरबाई वयाने फार नव्हत्या. तीस-बत्तीसच्या असतील. त्यांनी तपासलं, सिस्टरला काही सांगितलं आणि बाहेर आल्या. मी व्हरांड्यात स्ट्रेचरवर होते. आई डोक्याशी, आबा पायाशी.

"बाळाने आत शी केली आहे. ठोके कमी होताहेत. आत्ता सिझर करावं लागेल. आत्ता म्हणजे आत्ता. इथं सही करा."

आबांनी कागद हातात घेतला. गावात पंचनामा असो, भांडणाचा मिटवामिटवीचा कागद असो, आबांची सही झाल्याशिवाय काही पुढे सरकत नसे. त्यांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. परत वाचला. आणि बाईंच्या हातात परत दिला.

"मुलगी माझी आहे हो. पण आता ती त्यांच्या घरची. त्यांना विचारल्याबिगर पोटाला सुरी लावायची म्हणजे... मी त्यांना काय तोंड दाखवू? मी ट्रंककॉल लावतो. येतील ते."

"किती वेळात येतील?"

"चोपड्याहून. दोन-तीन तास."

बाईंचा आवाज चढला. "तेवढा वेळ नाही, बाबा. बाळाकडे नाही."

आई म्हणाली, "आहो, करी टाका ना सही." आबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. आमच्या घरात ते नुसतं पाहणं पुरायचं.

तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. वाकल्या. त्यांच्या गळ्यातली ती कानाला लावायची नळी माझ्या खांद्याला लागली. "तुम्ही शिक्षिका आहात ना? तुमचं काय म्हणणं आहे?"

मी आबांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते, टोपी हातात होती. मी त्यांना टोपी काढून कुणापुढे उभे असलेले त्याआधी पाहिले नव्हते. आणि मला वाटलं, सगळ्यांच्या देखत मी यांचा शब्द कसा खाली पाडू?

"आबा म्हणतील तसं," मी म्हणाले.

बाई सरळ उभ्या राहिल्या. मग आत गेल्या.

*

त्यानंतरचे चार तास मी व्हरांड्यात आणि आतल्या खोलीत काढले. डाव्या कुशीवर झोपवलं, नाकाला नळी लावली, हाताला सलाईन. सिस्टर दर थोड्या वेळाने यायची, ठोके मोजायची आणि काही न बोलता जायची. तिने काही बोलावं म्हणून मी तिला विचारायची, "आहेत ना?" ती म्हणायची, "आहेत." पहिल्यांदा पटकन म्हणाली. नंतर नंतर मोजायलाच वेळ लावायला लागली.

आबा पोस्टात जाऊन बसले होते. नानांच्या गावात फोन एकच, केळीच्या गाड्या भरायच्या सोसायटीत. फोन लागायला तास गेला. तिथल्या माणसाने शेतात जाऊन नानांना सांगायचं, नानांनी ह्यांना शोधायचं, हे कुठल्या खांबावर होते कुणास ठाऊक, मग गाडी ठरवायची. आणि फोनवर आबांनी काय सांगितलं? "तब्येत बरी नाही, ताबडतोब या." ऑपरेशनला परवानगी आहे का, एवढं तिथल्या तिथे विचारलं असतं तर? नाही विचारलं. असलं फोनवर विचारणं त्यांना बरं दिसलं नाही. समोरासमोर बसून, मान देऊन विचारायचं होतं.

ह्याला काय म्हणावं मला अजून कळत नाही. आबा अडाणी नव्हते, कठोर नव्हते, माझ्यावर त्यांचा जीव होता. मुलीच्या सासरच्यांचा मान राखणं हे त्यांनी जन्मभर केलेलं सगळ्यात चांगलं काम होतं, आणि त्या दिवशीही ते तेच करत होते.

मी मात्र एकटी होते. आई शेजारी होती, माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, "बठ्ठं चांगलं व्हई माय, बठ्ठं चांगलं व्हई" म्हणत होती. तरी एकटी. कारण पोटातली हालचाल फक्त मला कळत होती. दीडच्या सुमाराला बाळाने जोरात लाथ मारली. अडीचला एकदा, हलकीशी. त्यानंतर मी वाट बघत राहिले. कुणाला सांगावं, असं वाटलं. कुणाला सांगणार? आईला सांगितलं असतं तर तिने आबांकडे पाहिलं असतं.

बाई दोनदा बाहेर येऊन आईवर ओरडल्या. दुसऱ्यांदा आईने पदर तोंडात धरला आणि हात जोडले. तेव्हाही मी म्हणू शकत होते, आणा तो कागद. माझा उजवा हात मोकळा होता. सलाईन डाव्या हाताला होतं. हे मी नंतर हजारदा आठवून पाहिलंय.

चार वाजता जीप आली. नाना, सासूबाई आणि हे धावतच आत आले. मी व्हरांड्यात स्ट्रेचरवरच होते, त्यामुळे सगळं ऐकलं. आबा पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "नाना, डॉक्टर पोट उघडायचं म्हणतात. तुमची परवानगी असल तर..."

नाना बघतच राहिले. धुळीने त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "पाटील, कवापासून म्हनी राहिनात?"

"बारा वाजेपासून."

"मंग आमनी वाट कसाले देखी? आम्ही काय नही म्हनतूत का?"

ह्यांनी सिस्टरच्या हातातला कागद जवळजवळ ओढून घेतला आणि भिंतीवर धरून सही केली.

*

मला पूर्ण भूल दिली होती. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पोटात आग पेटली होती. आई म्हणाली, "पोर शे." मुलगी. रडली का, मी विचारलं. आई म्हणाली, मुलांच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलीय, इथं तशी पेटी नाही. रडली का, मी परत विचारलं. आई म्हणाली, "रडी, रडी, उशिरा रडी."

तो मुलांचा दवाखाना पायी पंधरा मिनिटांवर होता. माझ्या पोटाला बेंबीपासून खालपर्यंत उभे टाके. पंधरा मिनिटं सोडा, कुशीवर वळता येत नव्हतं. त्यामुळे माझ्या मुलीला सगळ्यांनी पाहिलं, नानांनी पाहिलं, जीपवाल्याने पाहिलं. मी नाही.

रविवारी सिस्टरने शिकवलं. दूध हाताने वाटीत काढायचं, वर स्वच्छ फडकं, आणि वाटी तिकडे पाठवायची. तिथं ते नळीने थेंब थेंब देतात म्हणे. मला काम मिळालं. दिवसातून चार वेळा मी उठून बसायची, दात ओठ खाऊन, आणि वाटी भरायची. पहिल्या दिवशी तळ झाकेल एवढंही आलं नाही. पण मंगळवारपर्यंत अर्धी वाटी यायला लागली. मला इतका अभिमान वाटला! आई वाटी पदराखाली धरून निघायची. परत आली की मी विचारायची, प्यायली? आई म्हणायची, प्यायली.

वॉर्डात अकरा खाटा होत्या आणि दहा बाळं. भेटायला येणाऱ्या बाया प्रत्येक खाटेपाशी थांबायच्या, टोपडी सारखी करायच्या, माझ्यापाशी आल्या की म्हणायच्या, "बाळ कुठंय?" मी म्हणायची, "काचेत आहे." "अगं बाई!" म्हणून पुढे जायच्या. रात्रंदिवस कुणाचं तरी बाळ रडायचं आणि दर वेळी माझी चोळी ओली व्हायची. शरीराला काय कळतं, कुणाचं बाळ आणि कुणाचं नाही. लाज वाटायची. मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्यायची, मे महिन्याच्या उन्हाळ्यात.

सोमवारपासून वॉर्डातल्या सगळ्यांचं वागणं बदललं. शेजारच्या खाटेवरची साक्रीकडची बाई, जी रविवारी मला तिच्या नणंदेच्या कागाळ्या सांगून हसवत होती, ती एकदम बोलेनाशी झाली. बाळाला पाजताना माझ्याकडे पाठ करायला लागली. मला राग आला. मी मनात म्हटलं, जा, तुझंच बाळ सोन्याचं. जी आया आल्या दिवसापासून माझ्यावर खेकसत होती, तिने चहाचा दुसरा कप आपणहून दिला. चला, ओळख वाढली, असं मला वाटलं. आई वाटी घेऊन जायची ती लवकरच परत यायला लागली. मी तिच्यावरही चिडले. "एवढ्या लवकर कशी आलीस? नीट देतात की नाही बघत थांबत जा ना!" ती म्हणाली, "रिक्षाघाई गयतू." रिक्षाने गेले होते. मी म्हटलं, बरं केलंस, दूध गरम राहतं.

डॉक्टरबाई रोज फेरीला यायच्या. बुधवारी त्या माझ्या खाटेवर बसल्या. डॉक्टर बसत नाहीत खाटेवर. म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असतात तर मी तुमची सही घेतली असती. तुमची सही चालली असती. तुम्ही सज्ञान आहात, शुद्धीवर होतात. हे मी तेव्हा मोठ्याने सांगायला हवं होतं. मी रागावले आणि आत निघून गेले." मी विचारलं, "पण आता बाळ बरं आहे ना?" त्यांनी माझी चादर सारखी केली आणि उठल्या. मला वाटलं, कामाची घाई असेल.

*

शनिवारी टाके काढले. मी वेणी घातली, लुगडं बदललं, पिशवी बांधली. मुलांच्या दवाखान्यात जायचं होतं. हे आले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. आई घडी घातलेलं फडकं पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत होती.

"चला," मी म्हटलं.

"कमल, ती नाही."

"कुठं हलवलं?"

"नाही म्हणजे, नाही. गेली. सोमवारी सकाळीच."

मी ओरडले नाही. मला आठवतं, मी बोटांवर दिवस मोजले. मंगळवार, बुध, गुरू, शुक्र, आणि आज. वॉर्डात एकही बाळ रडत नव्हतं, किंवा मला ऐकू येत नव्हतं. साक्रीची बाई तोंडाला पदर लावून रडत होती. तेव्हा मला कळलं, सगळ्यांना माहीत होतं. ओल्या बाळंतिणीला सांगू नये, टाके तुटतात, बाई वेडी होते, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आयेपासून नानांपर्यंत. आबांनी आणि ह्यांनी तिला पांझरेच्या काठी पुरलं, तेव्हा मी इकडे वाटी भरत होते.

पोट उघडायचं की नाही, ते दुसऱ्यांनी ठरवलं. मी रडायचं की नाही, तेही दुसऱ्यांनीच ठरवलं. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. मला तेच सगळ्यात जास्त लागलं, कारण मग भांडायचं कुणाशी?

*

वेळेत सिझर झालं असतं तर ती जगली असती का? मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. पण बारा वाजता तिचे ठोके कमी झाले असले तरी स्पष्ट ऐकू येत होते." मी एवढंच जवळ ठेवलं आहे.

मला आबांचा राग आला. खरं सांगते, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी अजून येतो, आणि त्याच्या पाठोपाठ त्यांची दयाही येते. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मी माहेरी दीड महिना राहिले, आबा ओट्यावरच जेवायचे, माझ्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. पुढे गावात कुठलीही बाई अडली की ते स्वतः जीप ठरवून द्यायचे आणि सोबत जायचे. दवाखान्याच्या पायरीवर बसून राहायचे.

ह्यांच्याशीही बोलणं जमलं नाही. ते कामावर जायचे, मी शाळेत जायची. वर्गात चाळीस पोरं असायची आणि मधल्या सुट्टीत ती घरी पळाली की मी फळ्यासमोर बसून राहायची. बायका म्हणायच्या, "होईल गं दुसरं." झालंही. तीन वर्षांनी, जळगावात. त्या वेळी मी दवाखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या म्हटलं, "कागद कुठंय? आधी मला द्या." सिस्टर हसली, म्हणाली, बाई फार घाईच्या दिसतात. मुलगा झाला, चांगला मोठ्याने रडला.

ज्या कुणी हे वाचत असाल त्यांना एवढंच सांगते. पोट तुमचं आहे, सही तुमची चालते. कुणी नाही म्हटलं तर डॉक्टरांना तोंडावर विचारा. माणसांचा मान नंतर राखता येतो. रुसलेला व्याही चार दिवसांनी हसतो.

*

एक गोष्ट मात्र मी बारा वर्षं विचारली नव्हती.

आई जळगावला माझ्याकडे आली होती. दुपारची वेळ. आम्ही दोघी दारात बसून उडदाची डाळ निवडत होतो. माझा मुलगा शाळेत गेला होता. कुठून सुचलं माहीत नाही, पण मी बोलून गेले, "आई, ते पाच दिवस तू वाटी घेऊन जायचीस. ती तर नव्हती. मग ते दूध कुठं टाकायचीस?"

आईचे हात डाळीत थांबले.

मग ती बोलली. सोमवारी ती सवयीने भरली वाटी घेऊन तिकडे गेली होती. पेटी रिकामी होती, कुणीतरी पुसत होतं. तशीच परत फिरली. वॉर्डाच्या मागे नळ होता, तिथं ओतायला वाकली. पण तिथं लोक पाय धुवायचे. झाडाखाली मुंग्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या लेकराला पाजावं म्हटलं, तर मेल्या पोरीच्या आईचं दूध कोण घेणार? आणि काढू नको म्हणून मला सांगायचं तर मग सगळंच सांगावं लागलं असतं. रोज चार वेळा ती त्या नळाशी जायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

"फेकाई नही माय," आई म्हणाली. "मीच पी टाकं."